भीमगीत, कॅसेट आणि कुलूप

संगीताच्या चोरीविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते एकाच बाजूने बोलले जाते. कंपनी बोलते, कंपनीचा वकील बोलतो, कुठे छापा पडला की वर्तमानपत्र बोलते. ज्याने गाणे रचले तो या बोलण्यात कुठेच नसतो. आणि आपण, ज्यांच्या घरात पुस्तक येण्याआधी गाणे आले, ज्यांना बाबासाहेब प्रथम गाण्यातून भेटले, तेही हा बाजाराचा प्रश्न आहे असे समजून तो बाजूला ठेवतो. मीही ठेवला होता.

२०२३ च्या एप्रिलमध्ये नालासोपारा पूर्वेला आमच्या वस्तीत जयंतीच्या आदल्या रात्री काही विद्यार्थी गायले. ढोलकी, पेटी आणि एक खंजिरी, एवढेच सामान. गाणे जुने, वस्तीत म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही पाठ असलेले. एका मुलाने मोबाइलवर चित्रण केले आणि यूट्यूबवर चढवले. काही तासांत त्याला सूचना आली की या चित्रफितीतल्या संगीतावर एका कंपनीने हक्क सांगितला आहे आणि तिच्यावर जाहिरात लागली तर पैसे त्या कंपनीला जातील. मुलगा मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "मॅडम, हे गाणं माझे आजोबा गायचे. शेवटच्या ओळीत लिहिणाऱ्याचं नाव आहे. कंपनीचं नाव त्यात कुठं आहे?"

मी मराठी शिकवते. नाममुद्रा म्हणजे काय हे त्याला मीच वर्गात शिकवले होते. कायद्याचे उत्तर मला थोडेफार देता आले असते. यूट्यूबवर २००७ पासून अशी यंत्रणा आहे की ती प्रत्येक चित्रफितीतला आवाज कंपन्यांनी दिलेल्या नमुन्यांशी ताडून पाहते, चालीवरूनही ओळखते आणि माणूस न विचारता दावा लावते. पण मुलाचा प्रश्न यंत्राविषयी नव्हता. गाण्यावर मालकीची खूण कुठे असते आणि ती कोणी कोरायची, असे तो विचारत होता. हा समीक्षेचा प्रश्न आहे. आणि आपल्या समीक्षेने कवितेवर जितकी शाई खर्च केली तिच्या दशांशानेही भीमगीतावर केली नाही, हे इथेच कबूल केलेले बरे.

प्रश्न नक्कल रोखणाऱ्या कुलपाचा आहे. हे कुलूप मी लहानपणी प्रथम पाहिले ते कॅसेटच्या पाठीवर. तिथे प्लास्टिकचे दोन बारके तुकडे असत. ते मोडले की त्या कॅसेटवर नवे काही भरता येत नसे. कंपनीच्या कॅसेटचे तुकडे आधीच मोडलेले असत. आमचे वडील त्या खाचांवर चिकटपट्टी लावीत आणि सिनेमाच्या जुन्या कॅसेटवर भीमगीते भरून घेत. आता विचार केला म्हणजे गंमत वाटते. ते कुलूप नक्कल रोखण्यासाठी नव्हतेच. असलेले गाणे चुकून पुसले जाऊ नये, एवढेच त्याचे काम होते. नक्कल रोखायला त्या कॅसेटमध्ये काहीही नव्हते. वेष्टनावर चमकणारा होलोग्राम चिकटवीत, आणि कायदा होता. तेवढ्यावर सारा कारभार.

आणि नक्कल तर सहज होती. फिलिप्स कंपनीने १९६३ साली ही छोटी कॅसेट बाजारात आणली. सत्तरच्या दशकात आखातातून परतणाऱ्यांनी टेपरेकॉर्डर आणले, पुढे दोन कप्प्यांची यंत्रे आली. ग्रामोफोनच्या तबकडीचा कारखाना घालायला भांडवल लागत होते. कॅसेट भरायला एक खोली आणि दोन यंत्रे पुरत. तोवर कोणाचा आवाज मुद्रित करण्याच्या लायकीचा हे मूठभर लोक ठरवीत. पीटर मॅन्युएल या अमेरिकी संशोधकाने १९९३ साली 'कॅसेट कल्चर' या ग्रंथात उत्तर भारतातल्या या उलथापालथीचा तपशील मांडला आहे. आपल्याला तो ग्रंथ वाचण्याची गरज नव्हती, आपण तिच्यात राहत होतो. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज घराघरात गेला तो कॅसेटने. पंढरीच्या वाटेवर त्यांची विठ्ठलगीते वाजत आणि दीक्षाभूमीच्या वाटेवर भीमगीते. त्यांतल्या किती कॅसेट अस्सल होत्या आणि किती नकली, हे ऐकणाऱ्याने कधी पाहिले नाही.

माझे चुलते गायनपार्टीत गात. मूळचे निफाड तालुक्यातले, पुढे वसई पूर्वेच्या एका गाळ्यात कामाला. १९९१ साली, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, मुंबईतल्या एका लहानशा कंपनीने त्यांची आठ गाणी मुद्रित केली. शब्द त्यांचे, चाली त्यांच्या, आवाज त्यांचा. आठशे रुपये एकरकमी मिळाले आणि इंग्रजीतल्या कागदावर सही झाली. तो कागद त्यांना वाचता येत नव्हता आणि घरात वाचणारे तेव्हा कोणी नव्हते, मी तर पाळण्यात होते. त्यानंतर कंपनीकडून एक पैसा आला नाही. कॅसेट कुठे दुकानात दिसलीही नाही. पुढल्या वर्षी सहा डिसेंबरला काका शिवाजी पार्कवर गेले, तर एका फरशीवरच्या विक्रेत्याकडे त्यांचाच आवाज वाजत होता. वेष्टन नव्हते. पट्टीवर पेनाने लिहिले होते, 'भीमगीते भाग २'. काकांनी स्वतःचीच नकली कॅसेट विकत घेतली.

त्या नकलेने त्यांचे काय केले? पुढली पाच-सहा वर्षे सुपाऱ्या दिल्या. नांदेडपासून डहाणूपर्यंतचे लोक ती कॅसेट ऐकून त्यांना शोधत येत. नाव छापलेले नव्हते, पण शेवटच्या कडव्यात होते. काका म्हणतात, "पोरी, कंपनीनं माझी कॅसेट गोदामात ठेवली. त्या चोरानं ती गावोगाव पोचवली."

हे ऐकून आपल्यातल्या काहींना चोरकॉपीवाला म्हणजे लोकांचा भाऊ वाटेल. तसे मला मुळीच म्हणायचे नाही. तो धंदा करीत होता. त्याने काकांना कंपनीइतकेही दिले नाही, आणि वर पट्टीवरचे नाव गाळले. त्याचा परिणाम पुढे दिसला. जालन्याकडच्या एका सामन्यात समोरच्या पार्टीच्या गायकाने काकांचेच गाणे काकांच्या तोंडावर म्हटले, आणि शेवटच्या कडव्यात काकांचे नाव काढून स्वतःचे घातले. कॅसेटची नक्कल झाली तेव्हा काका हसले होते. त्या रात्री ते जेवले नाहीत. चोरी या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. एकीने गाणे पसरते आणि पैसा बुडतो. दुसरीने माणूसच गाण्यातून उपटला जातो. कंपन्यांनी आजवर जी जी कुलपे घडवली ती पहिल्या गोष्टीसाठी, तीही स्वतःच्या पैशापुरती. दुसरीसाठी त्यांनी कधी काही घडवलेले मला दिसत नाही.

कुलपांनी पहिली गोष्ट तरी साधली का, हे पाहण्यासारखे आहे. सीडी आली तशी नक्कल मूळाइतकीच स्वच्छ निघू लागली आणि कंपन्या घाबरल्या. त्यांनी अशा तबकड्या काढल्या की त्या संगणकात नीट वाजणार नाहीत. २००२ साली लोकांच्या ध्यानात आले की तबकडीच्या कडेवर साध्या मार्करने रेघ ओढली की यातले काही कुलूप उघडते. कोट्यवधींच्या संशोधनावर एक पेन. २००५ साली सोनी बीएमजी या कंपनीच्या पन्नासएक सीडींत असे सॉफ्टवेअर निघाले की जे संगणकात शिरून स्वतःला लपवून बसत होते आणि त्या आडोशाने दुसऱ्या विषाणूंनाही वाट मोकळी होत होती. मार्क रुसिनोविच या तंत्रज्ञाने ते उघडकीस आणले आणि कंपनीला सीडी परत घ्याव्या लागल्या. मी या प्रकरणाकडे पुन्हा पुन्हा वळते, कारण शिक्षा कोणाला झाली ते पाहा. दुकानात पैसे मोजून सीडी घेणाऱ्याचा संगणक नासला. नकली सीडी घेणाऱ्याला काहीच झाले नाही, त्याच्या सीडीत ते कुलूप नव्हतेच.

इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या गाण्यांचेही तेच. फेब्रुवारी २००७ मध्ये ॲपलच्या स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीर पत्रात हिशेब मांडला. २००६ साली कुलूपबंद गाणी दोन अब्जांहून कमी विकली गेली, आणि त्याच वर्षी याच कंपन्यांनी सीडीवर वीस अब्जांहून अधिक गाणी कसलेही कुलूप न लावता विकली. मग कुलूप कशासाठी? जॉब्ज काही संत नव्हते, त्यांचा स्वतःचा धंदा त्या कुलपाभोवती उभा होता आणि युरोपात त्यावरून टीका चालू होती. पण हिशेब खोटा नव्हता. २००९ साली त्यांच्या दुकानातल्या गाण्यांवरची कुलपे निघाली. पुढे लॉरिना झँग या संशोधिकेने चार बड्या कंपन्यांच्या अल्बमचा कुलपापूर्वीचा आणि नंतरचा खप तपासला. कुलूप काढल्यावर विक्री सुमारे दहा टक्क्यांनी वाढली. ज्यांचा खप मुळातच कमी त्यांची सुमारे तीस टक्क्यांनी वाढली. ज्यांचा खप प्रचंड, त्यांना फारसा फरक पडला नाही.

हे शेवटचे वाक्य आपण थांबून वाचले पाहिजे. ज्याला सगळे ओळखतात त्याला कुलूप असले काय, नसले काय. ज्याला कोणी ओळखत नाही त्याला हातोहात पोचणे हीच जाहिरात. झँग यांना आमच्या काकांविषयी काही ठाऊक नाही, पण फरशीवरच्या त्या कॅसेटने जे केले तेच आकड्यांत त्यांनी लिहिले आहे.

आपल्या देशात नक्कल रोखली ती कुलपाने रोखली असेही म्हणता येत नाही. १९८३ साली स्थापन झालेल्या सुपर कॅसेट्स कंपनीने, म्हणजे टी-सीरीजने, १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातल्या एका कलमाचा आधार घेऊन जुनी गाजलेली गाणी नव्या आवाजात गाऊन घेतली आणि स्वस्त कॅसेटींचा पूर आणला. अस्सल आणि नकली यांच्या किमतीतले अंतर जसे घटले तसा चोराचा नफाही घटला. गुलशन कुमार यांच्यावर तेव्हा बड्या कंपन्यांनी कमी दोषारोप केले नाहीत. आज तीच कंपनी आपल्या मालकीच्या गाण्यांची कडक राखण करते. भिंतीवरून उडी मारून आलेला माणूस आत आल्यावर भिंत उंच करतो, हे आपण केवळ संगीतात पाहिलेले नाही.

एक कुलूप मात्र टिकले. मोबाइलची कॉलरट्यून आठवा. तिची नक्कल कोणी करू शकले नाही, कारण ती ग्राहकाच्या हातात दिलीच जात नव्हती, टेलिफोन कंपनीच्या यंत्रातच राहत होती. आज मोबाइलवर महिन्याच्या वर्गणीने जी गाणी ऐकली जातात त्यांचेही तेच तत्त्व. विरार लोकलच्या डब्यात शेजारची मुलगी जे ऐकते ते तिच्या मालकीचे नसते, ती भाडे भरते. पूर्वी स्टेशनाबाहेर 'मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील' अशा पाट्या असत, त्या गेल्या. नकली बाजार बसला याचा आनंद ज्यांना व्हायचा त्यांना होवो. पण त्या पाटीमागचा पोरगा कुठल्याशा गावातल्या जयंतीचे ध्वनिमुद्रणही कार्डात टाकून देई. त्याच्याकडे जे होते ते कुठल्याही कंपनीच्या यादीत नव्हते. यादीत नसलेले गाणे आता शोधून सापडत नाही, आणि यादीत असलेल्या गाण्यावर आमच्या मुलांनी तोंड उघडले की दावा येतो.

कायदा काय म्हणतो तेही पाहू. १९८४ च्या दुरुस्तीने कलम ५२अ आले. ध्वनिमुद्रणावर काय छापलेच पाहिजे ते त्यात आहे: मुद्रण करणाऱ्याचे नाव व पत्ता, हक्काच्या मालकाचे नाव व पत्ता, आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष. कवीचे नाव या यादीत नाही. म्हणजे शिवाजी पार्कवरच्या त्या पट्टीत कायद्याच्या दृष्टीने त्रुटी होती ती कंपनीचे नाव नसण्याची! कलम ५७ रचनाकाराला, हक्क विकल्यावरही, ही रचना माझी आहे असे सांगण्याचा अधिकार देते. चांगले कलम आहे. पण ते वापरायला कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि कंपनीने मात्र ते काम यंत्रावर सोपवले आहे. २०१२ च्या दुरुस्तीत एकाच वेळी दोन गोष्टी आल्या. कलम ६५अ प्रमाणे हक्काच्या रक्षणासाठी लावलेले कुलूप हक्कभंगाच्या हेतूने तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद. आणि त्याच दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा समान वाटा दिला, जो त्याला सही करूनही कंपनीला देऊन टाकता येत नाही. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी त्यासाठी केलेली लढत आठवणीत ठेवण्याजोगी आहे. आपल्या किती शाहिरांपर्यंत ही दुसरी गोष्ट पोचली? वस्तीत मी विचारले तर कुलपाची शिक्षा बऱ्याच जणांनी ऐकलेली होती. वाट्याचे कोणालाच ठाऊक नव्हते.

आता मुलाच्या मूळ प्रश्नाकडे वळते. शेवटच्या कडव्यातले नाव ही आपल्या परंपरेने केलेली व्यवस्था आहे. ती कुलूप नव्हे. ती म्हणते, घ्या, गा, उतरवून घ्या, शेजारच्या गावाला द्या, फक्त मला त्यातून काढू नका. चोखामेळ्याचे अभंग आपल्यापर्यंत आले ते लिहून घेणाऱ्यांमुळे आणि गाणाऱ्यांमुळे. ज्याला देवळाच्या पायरीपुढे येऊ दिले नाही त्याचे नाव मात्र प्रत्येक नकलेबरोबर आत गेले. नक्कल झाली नसती तर चोखोबा मंगळवेढ्याच्या कुसाखाली कायमचे गाडले गेले असते. वामनदादा कर्डकांनी नाशिक जिल्ह्यातल्या देशवंडीतून येऊन आयुष्यभर गाणी रचली आणि वाटली. वह्यांतून, तोंडांतून, कॅसेटींतून ती गेली. 'वामन' हा शब्द कडव्यात असा बसवलेला असे की काढला तर छंद लंगडावा. ही कारागिरी आहे, आणि ती केवळ सौंदर्याची नाही. आपल्या समीक्षकांनी ती स्वामित्वाच्या दृष्टीनेही वाचायला हवी.

याहून जुना दाखला आमच्या दाराशी आहे. सोपाऱ्यात १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप खणला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा इथलाच, तो आता मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. नवव्याचा तुकडा १९५६ साली भुईगावला सापडला. विद्यार्थ्यांना मी स्तूपावर नेते तेव्हा सांगते की हा लेख सोपाऱ्यासाठी मुद्दाम लिहिलेला नव्हता. तोच गिरनारला आहे, कालसीला आहे, दूर शाहबाजगढीला वेगळ्या लिपीत आहे. धम्म पसरवायचा म्हणून नकला करवल्या, आणि बोलणाऱ्याचे नाव, 'देवानांपिय पियदसि', मजकुरातच गुंफले. शाहिरांच्या नाममुद्रेशी याची तुलना ताणली जाते हे मला कळते. राजाला उद्याच्या पिठाची चिंता नव्हती.

आणि तीच खरी अडचण आहे. नाव राहिले तरी पोट भरत नाही. बाबासाहेबांच्या हयातीत प्रकाशित झालेल्या लेखनावरचे स्वामित्वहक्क १ जानेवारी २०१७ पासून संपले, आता ते कोणीही छापावे. वामनदादा २००४ साली गेले. त्यांचे शब्द कायद्याने २०६४ अखेरपर्यंत कोणाच्या ना कोणाच्या मालकीचे राहतील. इतक्या शाहिरांच्या आयुष्याचा शेवट कसा झाला हे आपण जाणतो. त्यांच्या गाण्यांवर जयंत्या झाल्या, निवडणुका झाल्या, आणि मानधनाचे पाकीट देताना आपण ओशाळत नाही. कंपनीवर टीका करताना मला माझी वही आठवते. तिच्यात दीडएकशे गाणी उतरवलेली आहेत, त्यांतली निम्मी कवीच्या नावाशिवाय, कारण शेवटचे कडवे लिहायचा मी कंटाळा केला. कॉलेजच्या कार्यक्रमात ती वाचून दाखवताना मी 'लोकगीत' म्हणून मोकळी झाले आहे. लोकगीत! ज्याचा कवी चार गल्ल्या पलीकडे राहतो त्याला अनामिक करणे हा प्राध्यापकी चोरीचा प्रकार आहे आणि त्यासाठी कोणत्याही कायद्यात कलम नको, वर्गात उभे राहून सांगितले तरी पुरे. मी सांगितले. पुढच्या तासाला तीन मुलांनी आपापल्या वह्या आणल्या, त्यांचीही तीच स्थिती.

त्या सुट्टीत मी काकांकडे गेले. कंपनीची अस्सल कॅसेट त्यांच्याकडे नाही, कधीच नव्हती. आहे ती फरशीवर घेतलेली नकली. तिच्या पाठीचे दोन्ही तुकडे काकांनी स्वतः मोडलेले होते, घरात कोणी चुकून काही भरू नये म्हणून. एका विद्यार्थ्याने जुना टेपरेकॉर्डर मिळवला, फीत दोनदा अडकली, पेन्सिलीने गुंडाळून पुन्हा लावली. आठपैकी सात गाणी निघाली. आठव्याची दोनच कडवी आहेत, पुढे फीत विरली आहे. काकांनी ते गाणे जागेवर म्हणून पुरे केले. खाली आम्ही लिहिले: शब्द कोणाचे, चाल कोणाची, ढोलकीवर कोण, कोरसमध्ये कोण, वर्ष १९९१. मग ते यूट्यूबवर चढवले.

अजून कोणाचा दावा आलेला नाही. काका मात्र दर आठवड्याला फोन करून विचारतात, "आला का?" एकदा मी वैतागून म्हटले, "काका, येऊ नये म्हणून तर आपण एवढं केलं." ते म्हणाले, "येऊ दे की. आला की मला लगेच सांग. तीस वर्षं झाली, मला त्या कंपनीचा पत्ता पाहिजे."